शाळा सुरू होतेय: पालकांचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जून लागला की सोसायटीच्या, गल्लीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न नव्याने उगवतात. उद्या सुट्टी आहे का? रिक्षावाले काका किती मुलं बसवतात? मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणतात, खरं का? घाईघाईत मिळालेली उत्तरं अर्धी ऐकीव असतात, म्हणून इथे एकत्र लिहिली आहेत. नियम महाराष्ट्रातले आहेत. शहरातल्या पालकांना गावचे आणि गावातल्यांना शहरातले काही प्रश्न लागू होणार नाहीत, ते खुशाल गाळावेत.

शाळा नक्की कधी उघडणार?

राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे थोडं उशिरा. २०२५ मध्ये राज्यात १६ जून आणि विदर्भात २३ जून अशा तारखा होत्या. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं, त्यामुळे एकाच इमारतीतल्या दोन मुलांचे पहिले दिवस वेगळे असू शकतात. तारीख शाळेच्या सूचनेवरून घ्या, शेजारच्यांच्या शाळेवरून नको.

तारखेइतकीच वेळही विचारा. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. वेळ बदलली की व्हॅनची फेरी बदलते. पूर्वी ताईबरोबर जाणारा धाकटा आता एकटा जाणार असेल, तर हे जूनआधी कळायला हवं.

‘उद्या शाळांना सुट्टी’ असा मेसेज आलाय. पाठवू का मुलाला?

मेसेजवर तारीख आणि वर्ष आहे का, ते आधी बघा. व्हायरल होणारी बरीच पत्रं खरी असतात, फक्त गेल्या किंवा त्याच्या आधीच्या पावसाळ्यातली असतात. आदेशावर सही कुणाची आहे ते बघा. पावसामुळे जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टी द्यायची तर आदेश सहसा जिल्हाधिकारी काढतात, कारण ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख असतात. मुंबईसारख्या शहरात महापालिका जाहीर करते. जिल्हा माहिती कार्यालय, जिल्हाधिकारी किंवा महापालिका यांच्या अधिकृत खात्यावर ते लगेच दिसतं. तिथे नसेल आणि शाळेनेही कळवलं नसेल, तर सुट्टी नाही असं धरून चाला.

एक गोंधळ नेहमी होतो. रेड अलर्ट म्हणजे आपोआप सुट्टी नव्हे. हवामान खातं इशारा देतं, सुट्टीचा निर्णय प्रशासन घेतं. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस ‘मुसळधार’ गणला जातो, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत मुसळधार’. पण तुमच्या घरापासून शाळेपर्यंत पाणी कुठे साचतं, हे कुठल्याच इशाऱ्यात नसतं. रस्त्यात ओढा असेल, सबवे असेल, तर सुट्टी जाहीर झाली नाही तरी मुलाला घरी ठेवायचा अधिकार तुमचा आहेच. एका दिवसाच्या गैरहजेरीने काही बिघडत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही: मुलं शाळेत पोचल्यावर पाऊस वाढला तर काय? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतली अनेक मुलं रात्रभर शाळेत अडकली होती. म्हणून शाळेला आत्ताच विचारून ठेवा. सुट्टी मध्येच झाली तर मुलांना गेटबाहेर सोडणार की पालक येईपर्यंत आत ठेवणार? तुमच्याऐवजी कोण नेऊ शकतं, त्याची नोंद त्यांच्याकडे आहे का? आणि तुम्हीही अशा दिवशी ‘मी निघालोय’ म्हणत पाण्यात गाडी घालू नका. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या वर्गात बसलेलं मूल त्या क्षणी तुमच्यापेक्षा सुरक्षित असतं.

मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणतात. ग्रुपवर टाकू ना?

नको. शहानिशा झाल्याशिवाय अजिबात नको.

हा मेसेज शाळा सुरू होण्याच्या सुमारास हमखास येतो. गावाचं नाव बदलतं, व्हिडिओ तोच असतो, बऱ्याचदा दुसऱ्या राज्यातला किंवा दुसऱ्या देशातला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात याच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षेकरी होते, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. त्यांच्यातलं कुणीही मुलं पळवायला आलं नव्हतं. ‘काळजीपोटी पाठवलं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवावं.

खरंच कुणी संशयास्पद वाटलं तर ११२ वर फोन करा, गाडीचा नंबर आणि जागा सांगा, शाळेच्या गेटवर कळवा. त्या माणसाचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं आणि त्याला घेरून जाब विचारणं, या दोन्ही गोष्टी टाळा. अनोळखी फेरीवाला, भंगारवाला, भाषा न येणारा मजूर म्हणजे संशयित, असं समीकरण मुलांच्या डोक्यातही भरवू नका. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. नातेवाईक, शेजारी, रोज भेटणारा माणूस. टोळीच्या अफवेत अडकलेलं घर नेमकं तिकडे बघायचं विसरतं.

मुलाला एवढं शिकवा: ठरलेल्या माणसाशिवाय कुणाबरोबरही जायचं नाही, मग तो ‘आईने पाठवलंय’ म्हणाला तरी. घरात एक गुप्त शब्द ठरवा. तो शब्द सांगेल त्याच्याबरोबरच जायचं. मुलांना हे खेळासारखं आवडतं आणि लक्षातही राहतं.

शाळेची बस किंवा व्हॅन ठरवताना काय बघायचं?

फी शेवटी विचारा. आधी गाडी बघा, मग माणूस.

महाराष्ट्रात शाळेच्या बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. पिवळा रंग आणि त्यावर शाळेचं नाव ही ओळख झाली. त्याशिवाय वेग नियंत्रक, खिडक्यांना आडव्या सळ्या, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा आणि मुलांची चढउतार सांभाळणारा मदतनीस अपेक्षित आहे. मुली असतील तर महिला मदतनीस. प्रत्यक्षात ताई सकाळी असतात आणि दुपारच्या फेरीला नसतात, असं सर्रास चालतं. म्हणून दुपारी एकदा न सांगता थांब्यावर जाऊन उभे राहा.

गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाकला की फिटनेस, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. दोन मिनिटांचं काम आहे. फिटनेस संपलेली गाडी शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यातही सापडते, आणि तेव्हा सांगितलं तर मालक दुरुस्ती करून घेतो. जुलैत सांगितलं तर ‘बघू’ म्हणतो.

नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी, पोलिस आणि आरटीओचा माणूस, असा तिचा साधारण साचा. तुमच्या शाळेतल्या समितीत पालकांकडून कोण आहे हे माहीत नसेल, तर पहिल्याच पालकसभेत विचारा. उत्तर देताना सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर समिती कागदावरच आहे असं समजा आणि स्वतःचं नाव द्या.

रिक्षावाले काका वर्षानुवर्षं ओळखीचे आहेत. त्यांना नियम कसे सांगायचे?

काका भले असतील, रिक्षाची क्षमता त्यामुळे वाढत नाही. तिचा परवाना तीन प्रवाशांचा असतो. चालकाच्या सीटवर दोन्ही बाजूंना एकेक मूल, मागे आडवी फळी टाकून त्यावर चौघं, बाहेर लटकणारी दप्तरं, हे दृश्य इतकं सवयीचं झालंय की त्यात काही गैर वाटेनासं झालंय. वळणावर बाहेरच्या बाजूचं मूल फक्त शेजारच्या मुलाला धरून बसलेलं असतं.

काकांना दोष देणं सोपं आहे. पण महिन्याचे पैसे कमी करा म्हणून घासाघीस आपणच करतो, आणि मग ते फेरीत मुलं वाढवतात. चार घरांनी एकत्र बसून मुलांची संख्या आणि पैसे दोन्ही एकदम ठरवले तर काकाही तयार होतात. त्यांनाही वाहतूक पोलिसांची भीती असतेच.

थांब्यावर सगळ्यात जास्त धोका कधी असतो?

उतरताना. बसच्या अगदी पुढून किंवा मागून जाणारं लहान मूल चालकाला दिसत नाही. खाली पडलेली बाटली उचलायला वाकलेलं तर मुळीच नाही. बस निघून गेल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही, आणि काही पडलं तर आधी बसमधल्या मदतनीस मावशींना सांगायचं, हे दोन नियम पाठ करून घ्या.

पालकांनी ज्या बाजूला दार उघडतं त्याच बाजूला उभं राहावं. समोरच्या फुटपाथवरून हात हलवणारी आई दिसली की मूल धावतंच. रेनकोटच्या लोंबत्या नाड्या आणि दप्तराचे लांब पट्टे दारात अडकतात. ते घरीच कापून किंवा बांधून टाका.

स्कूटरवरून सोडते. मुलालाही हेल्मेट लागतं का?

लागतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसलेल्यालाही. नऊ महिने ते चार वर्षं या वयासाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट (सायकलचंही चालतं) आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. मुलाला पुढे उभं करून नेणं आपल्याकडे लाडाचं मानलं जातं. अचानक ब्रेक लागला की त्याची हनुवटी थेट हँडलवर आदळते.

पावसात मागे बसून छत्री उघडू नका, मुलाच्या हातात तर देऊच नका. वाऱ्याने छत्री उलटली की माणूसही तिच्यासोबत जातो. आणि गाडीने सोडत असाल तर मागच्या सीटवरही पट्टा लावा. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे.

मुलगा दहावीत आहे, क्लास लांब आहे. मोपेड देऊ का?

१६ पूर्ण झाल्यावर ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळू शकतो. आज रस्त्यावर दिसणारी जवळपास कुठलीच स्कूटर ५० सीसीची नसते. म्हणजे व्यवहारात १८ पर्यंत उत्तर ‘नाही’ असंच आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा हा कायदा घरोघरी माहीत झाला होता. वर्षभरात पुन्हा क्लासबाहेर गाड्यांची रांग लागली.

ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेच्या इलेक्ट्रिक दुचाकीला परवाना लागत नाही. मात्र दुकानदार ‘लायसन लागत नाही’ म्हणतो तेव्हा कागदावर क्षमता वाचा. वेग वाढवून दिलेली गाडी या सवलतीत बसत नाही. आमचं मत विचाराल तर सायकल, आणि तिला मागे लाल दिवा.

दप्तर किती जड चालतं?

मुलाच्या वजनाच्या दहा टक्के. राज्याने हे २०१५ मध्येच सांगितलं, केंद्राच्या २०२० च्या धोरणातही तेच आहे. पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, सहावी-सातवीला २ ते ३ किलो, नववी-दहावीला २.५ ते ४.५ किलो. पूर्वप्राथमिकला दप्तरच नको. घरच्या वजनकाट्यावर दर सोमवारी दप्तर ठेवून बघा. जास्तीचं वजन पुस्तकांचं कमी आणि भरलेल्या स्टीलच्या बाटलीचं, दोन डब्यांचं, गेल्या आठवड्यातल्या वह्यांचं जास्त निघतं. शाळेत प्यायचं पाणी चांगलं असेल तर बाटली अर्धी भरून द्या.

शाळेच्या आत मूल सुरक्षित आहे, हे कसं ओळखायचं?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघड झाल्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) यांबाबत पुन्हा ठणकावून सांगितलं. ही समिती २०२२ पासूनच अपेक्षित होती. अनुचित प्रकार कळल्यावर शाळेने २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं आहे.

कॅमेरे आहेत का, हे सगळे विचारतात. त्याऐवजी असं विचारा: लहान मुलांना शौचालयात कोण नेतं? तिथे जाणारा बोळ कुणाच्या नजरेत असतो? शाळा सुटल्यावर उशिरा घरी जाणारी मुलं कुठे आणि कुणाजवळ थांबतात? व्हॅनचालक, सफाई कर्मचारी, कंत्राटी शिपाई, हंगामी क्रीडाशिक्षक यांची पडताळणी झाली आहे का? तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली? शाळा चांगली असेल तर या प्रश्नांनी रागावत नाही.

मुलाने काही विचित्र सांगितलं तर?

ऐका. मध्ये बोलू नका, ‘तू का नाही ओरडलास’ असं तर कधीच विचारू नका. त्याच्या शब्दांत लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, शेजारच्या काकूंसमोर तर मुळीच नाही. कपडे धुऊ नका.

मग १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ ला फोन करा, किंवा थेट पोलिस ठाण्यात जा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. अशा गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणं हाच त्यात गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून ‘आधी आम्ही आतल्या आत चौकशी करतो’ असं कुणी म्हणालं तर थांबू नका. मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा, अशी कायद्यात तरतूद आहे. ते हक्काने मागा. मुलाचं नाव, शाळा, इमारत ग्रुपवर लिहिणाऱ्यांना लगेच थांबवा. ओळख उघड करणंही गुन्हा आहे.

पहिल्या दिवसाचा फोटो स्टेटसला ठेवला तर काय बिघडतं?

गणवेश, ओळखपत्र, मागे शाळेची पाटी. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी आणि रोज सकाळी ते कुठे असतं, हे एका फोटोत जातं. ओळखपत्र शर्टात घालून फोटो काढा, पाटी टाळा. बाकी कौतुक जरूर करा.

मूल चालत जातं. पावसात कशाची काळजी घ्यायची?

पावसाळ्याआधी एकदा त्याच्याबरोबर पूर्ण रस्ता चाला, त्याच्या वेगाने. उघडं गटार, डीपी, लोंबती तार, मोकाट कुत्री कुठे बसतात, सगळं दिसेल. साचलेल्या पाण्यातून जायचं नाही, कारण खालचं झाकण गेलंय का ते कळत नाही. विजेच्या खांबाला, त्याच्या ताणाच्या तारेला पावसात हात लावायचा नाही. महावितरणच्या भागात तार तुटलेली दिसली तर १९१२ ला कळवा. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरायचं, घोटाभर असलं तरी. शाळा बुडाली तर रागावणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. नाहीतर ते ओरडा टाळायला पाण्यात उतरेल.

कुत्रा चावला, ओरखडलं, जखमेवर चाटलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. मुलं मार बसेल म्हणून ओरखडे लपवतात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यानंतर इलाज नाही.

दोन महिने बंद असलेले वर्ग उघडताना साप निघतात. काय करावं?

मुलं यायच्या आधी मोठ्या माणसांनी वर्ग, शौचालय आणि भांडारखोली झाडून घ्यावी, भिंतीलगतचं गवत आणि विटांचा ढीग हलवावा. मुलांकडून ही साफसफाई करून घेऊ नये. बूट बाहेर काढत असतील तर घालण्यापूर्वी झटकावेत. साप चावला तर मुलाला चालवू नका, चावलेला अवयव हलू देऊ नका, पैंजण-कडं काढा, १०८ ला बोलवा आणि सरकारी रुग्णालय गाठा, जिथे प्रतिसर्पविष मिळतं. आवळून बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक, या सगळ्यात वेळ जातो. मण्यारचा दंश कित्येकदा दुखतही नाही, म्हणून ‘काही झालं नाही’ असं समजून घरी थांबू नका.

एसटीच्या पासचं काय?

विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत आहे, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. शाळेच्या यादीवरून पास शाळेतच देण्याची सोयही आता झाली आहे. वर्गशिक्षकांना विचारा. सकाळची गाडी रोज भरून येत असेल आणि मुलं दारात लोंबकळत असतील, तर शाळेच्या पत्रासह आगारप्रमुखांना लेखी द्या. तोंडी तक्रार विसरली जाते.

आमच्या घरात शाळेत जाणारं कुणी नाही. आम्ही काय करावं?

सकाळी गाडी मागे घेताना एकदा उतरून मागे बघा. फुटपाथवर लावलेली गाडी काढा, कारण तिच्यामुळेच मुलं रस्त्यावरून चालतात. थांबलेल्या शाळेच्या बसला डावीकडून ओव्हरटेक करू नका. आणि खिडकीत बसणाऱ्या आजी-आजोबांनी बसतच राहावं, त्यांच्याइतकी नजर कुठल्या कॅमेऱ्याची नसते.

मुलांकडून कोणते नंबर पाठ करून घ्यावेत?

सगळ्यात आधी आईचा किंवा बाबांचा. मोबाइलमध्ये साठवलेला नव्हे, तोंडपाठ. मग ११२ आणि १०९८. मोठ्या मुलांना १०८ रुग्णवाहिकेसाठी आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० सांगा. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या दप्तरात, आतल्या कप्प्यात, दोन फोन नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. दप्तराच्या बाहेर मोठ्या अक्षरात नाव मात्र लिहू नका. नावाने हाक मारणारा माणूस मुलांना ओळखीचाच वाटतो.